मांडवांचा सण आणि ऊसतोडीची कोपी

वाचन : लेवीय २३:३३-४३, अनुवाद १६:१३-१५



खळ्यातले धान्य व द्राक्षकुंडातला रस घरी आला की इस्राएल लोकांनी मांडवांचा सण पाळावा, अशी देवाची आज्ञा होती. सातव्या महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस फांद्यांच्या मांडवात राहायचे. मिसर देशातून सोडवल्यावर आपले वाडवडील असेच राहिले, हे पुढच्या पिढीला कळावे म्हणून. कणगी भरली की माणूस देवाला विसरतो.

आपल्या बीड जिल्ह्यात मांडवातले जगणे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि कोपी घालून राहतात. पण त्यांची कोपी सात दिवसांची नसते, पाच-सहा महिन्यांची असते. आणि तोडलेला ऊस दुसऱ्याचा असतो.

देवाने अशांनाही सणात धरले आहे. मुलामुलींबरोबर दास, दासी, परदेशी, अनाथ व विधवा यांनीही आनंद करावा, असे अनुवादात स्पष्ट सांगितले आहे. त्यांना वगळून केलेला सण अपुराच. याच सणाच्या शेवटच्या दिवशी प्रभू येशूने तहानलेल्यांना आपल्याकडे बोलावले (योहान ७:३७).

या हंगामात आपल्या गल्लीतून कोण गेले, त्यांची लेकरे व म्हातारी माणसे कोणाच्या आधाराने मागे राहिली, हे प्रत्येक कुटुंबाने पाहावे. त्यांच्या घरी जावे, आणि रात्री जपमाळ करताना त्यांची नावे घ्यावीत.