दक्षतेला विश्रांतीचा आधार

वारंगा फाट्यावरून रात्री दिसणाऱ्या विमानाच्या लुकलुकत्या दिव्यामागे जमिनीवर बसलेल्या हवाई वाहतूक नियंत्रकाची जागती नजर असते. मुंबईच्या विमानतळावर तर दोन धावपट्ट्या परस्परांना छेदतात. तेथे क्षणाचेही दुर्लक्ष परवडत नाही.

परंतु अशी दक्षता केवळ निर्धारावर टिकत नाही. केंब्रिजचे संशोधक नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, तबकडीवर फिरणाऱ्या काट्याची क्वचित पडणारी दुप्पट उडी ओळखायची होती. अर्ध्या तासानंतर सक्षम माणसांच्याही नजरेतून या खुणा अधिक निसटू लागल्या.

यावर उपाय विश्रांतीचा. पण ती व्यवस्थेने योजलेली हवी. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगनच्या आकाशात दोन विमाने धडकून ७१ जीव गेले. झुरिकच्या नियंत्रणकक्षात सहकारी विश्रांतीस गेल्याने एकटा नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. थकलेल्याला विसावा हवा, तसा त्याच्या जागी दुसरा माणूसही हवा.

आम्हा इतिहासाच्या अभ्यासकांना येथे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवतात. त्यांच्या कार्यकाळात, १९४६ च्या दुरुस्तीने, बारमाही कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ झाले. विश्रांतीला कायद्याचे बळ मिळाले.

परीक्षेच्या दिवसांतही वसतिगृहाचे दिवे वेळेवर मालवावेत, हा आमचा आग्रह याचसाठी. पुरेशी झोप झालेले मूल वर्गात खऱ्या अर्थाने जागे असते. ती झोप त्याला मिळवून देणे हे शाळेचे आणि घराचे समान कर्तव्य होय.