जुना पॉवर टिलर – दुरुस्त करावा की बदलावा?



रुंद सरीची लागण वाढली तसे आपल्या भागात पॉवर टिलरही वाढले. चार-साडेचार फुटी सरीत बाळबांधणी, आंतरमशागत आणि मोठ्या बांधणीपर्यंतची कामे या यंत्राने होतात आणि बैलजोडी सांभाळण्याचा खर्च वाचतो. मात्र त्यावेळी घेतलेली बरीच यंत्रे आता दहा-बारा वर्षांची झाली आहेत. गट कार्यालयात सभासद येतात आणि म्हणतात, "साहेब, टिलर पार थकला. नवीन घ्यायचा म्हणतोय, ऊस बिलातून हप्ता कापायची सोय होईल का?" सोय होते किंवा होत नाही हा पुढचा प्रश्न. यंत्र खरोखर थकले आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. कारण हप्ता एकदा सुरू झाला की पुढची चार-पाच वर्षे उसाचे बिल हातात पडण्याआधीच त्याला कात्री लागते.

हे यंत्र मुळात जपानमध्ये भाताच्या चिखलणीसाठी वाढले. चिखलात धूळ नसते. आपण ते चालवतो उन्हाळ्यात, सुरू उसाच्या वाळलेल्या सरीत, जिथे फिरत्या पात्यांमुळे यंत्राभोवती धुळीचा लोट उठतो. म्हणून आपल्याकडे टिलर म्हातारा होतो तो वयाने कमी आणि धुळीने जास्त. हवेच्या गाळणीत, म्हणजे एअर फिल्टरच्या वाटीत, ऑइल असते. त्या ऑइलचा चिखल झाला की धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टन रिंग व लायनर घासून काढते. बांधणीच्या दिवसांत ही वाटी रोज धुवावी आणि खुणेपर्यंतच ऑइल भरावे. खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिन ओढून घेते, मग डिझेल बंद केले तरी इंजिन थांबत नाही, उलट पळत सुटते. "जरा जास्त घातलं तर बिघडलं काय?" असे विचारणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिले आहे.

इंजिन गेले की नाही, हे पाहायला फिटरच लागतो असे नाही. आधी धूर पाहावा. काळा धूर येत असेल तर बहुधा हवा कमी पडते, नोझल खराब आहे किंवा यंत्रावर बोजा जास्त आहे. हा स्वस्तातला आजार आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, हे लक्षण जड. थंड इंजिन सुरू होताना थोडा पांढरा धूर येतो, त्याची चिंता नको. तापल्यावरही तो येत राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझल तपासावे. त्यानंतर डिझेल बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा खटका न दाबता, हँडल सावकाश फिरवून पाहावे. चांगले इंजिन एका जागी हाताला घट्ट अडते आणि हँडल मागे ढकलते. हँडल चरकासारखे गरगर फिरले तर दम गेला. आता नोझल काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल सोडावे, नोझल पुन्हा बसवावे आणि हँडल परत फिरवावे. ऑइल घातल्यावर दम आला तर रिंग व लायनर झिजले आहेत. तरीही आला नाही तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा असतो, आणि ते काम रिंग-लायनरपेक्षा पुष्कळ कमी खर्चाचे आहे. एवढी चाचणी स्वतः करून गॅरेजात गेलेल्या माणसाला "पूर्ण इंजिन खोलावं लागंल" असे कोणी सहज सांगत नाही.

एका सभासदाने गेल्या हंगामाआधी "इंजिन संपले" म्हणून नव्या यंत्राची चौकशी केली होती. आमच्या मदतनीसाने जाऊन पाहिले तर तीनपैकी दोन व्ही-बेल्ट सैल होऊन घसरत होते आणि तिसरा एकटाच भार ओढत होता. इंजिन फिरत होते, पण ताकद पात्यांपर्यंत पोचत नव्हती. बेल्ट बदलायचे तर सगळे एकदम आणि एकाच मापाचे बदलावेत. एकच नवा घातला तर तो एकटा ताणाखाली येतो आणि लवकर तुटतो. पात्यांचेही तसेच. झिजून अर्धी झालेली पाती माती कापत नाहीत, नुसती चोळतात. डिझेल वाढते, खोली मिळत नाही आणि दोष इंजिनावर जातो. पाती डावी आणि उजवी वेगळी असतात, धार फिरण्याच्या दिशेने यावी लागते. बाजारातला साधा नट-बोल्ट तिथे घालू नये, तुटलेले पाते चालवणाऱ्याच्या पायाला लागते.

पाण्याबद्दल दोन शब्द. आपल्या भागातल्या बऱ्याच विहिरींचे पाणी क्षाराचे. तेच पाणी इंजिनात घातले तर आतून पापुद्रे धरतात आणि इंजिन तापते. पावसाचे किंवा गोडे पाणी कूलंट मिसळून वापरावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये, हेड तडकते.

टिलर जागच्या जागी वळतो तो हँडलखालच्या स्टिअरिंग क्लचवर. उजवा दाबला की उजव्या चाकाची ताकद तुटते आणि यंत्र उजवीकडे वळते. या क्लचचे दात झिजले की सरीच्या टोकाला यंत्र वळताना अडखळते, माणूस मग अंगाने ढकलून वळवतो, आणि दोन फुटवे चाकाखाली जातात. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. एक गोष्ट तर नव्या ड्रायव्हरला तोंडी सांगून ठेवावीच: उतारावरून ट्रॉली घेऊन खाली येताना हा क्लच उलटा चालतो. उतारावर यंत्रच चाकाला रोखून धरत असते. उजवा दाबला की उजवे चाक मोकळे सुटून पुढे पळते आणि टिलर डावीकडे फिरतो. उतारावर क्लचला हात न लावता, खालच्या गिअरमध्ये, हँडलनेच यंत्र वळवावे.

आता मूळ प्रश्न. आम्ही हिशोब असा मांडतो. समजा, नवे यंत्र २,२०,००० रुपयांना पडले आणि दहा वर्षांनी त्याचे ३०,००० रुपये आले. म्हणजे वर्षाची घट १९,००० रुपये. सरासरी १,२५,००० रुपये अडकले, त्यावर १० टक्क्यांनी व्याज १२,५०० रुपये. एकूण ३१,५०० रुपये, यंत्र शेडमध्ये उभे असले तरी. आता जुन्या यंत्राचे पाहा. समजा, रिंग, लायनर, बेअरिंग व नोझल मिळून २५,००० रुपये लागले आणि त्यावर तीन वर्षे निघाली, तर वर्षाला ८,३०० रुपये. वर किरकोळ दुरुस्तीचे १०,००० रुपये धरा. एकूण १८,३०० रुपये. म्हणजे अजून जुनेच परवडते. आकडे प्रत्येकाने आपले घालावेत, रीत हीच.

पण या हिशोबात एक रक्कम राहून जाते, ती म्हणजे ऐन वेळी यंत्र बंद पडल्याची. सुरू उसाची मोठी बांधणी पावसाच्या तोंडाशी येते. भारी जमीन एकदा भिजली की टिलर आत जात नाही, आणि वापसा येईपर्यंत ऊस इतका वाढतो की यंत्र घातले तर कांड्या मोडतात. बांधणी राहिली की ऊस लोळतो, तोडणीला टोळी कुरकुर करते आणि वजनात मार बसतो. म्हणून एका वहीत यंत्राचे तास, डिझेल, सुटे भाग, आणि बंद पडल्यामुळे भाड्याने आणलेल्या यंत्राचे पैसे लिहीत जावे. दुरुस्ती आणि भाडे मिळून सलग दोन वर्षे नव्या यंत्राच्या वार्षिक खर्चाच्या वर गेले, तर भावनेत न अडकता यंत्र काढून टाकावे. गिअर केस तडकून दोनदा वेल्डिंग झालेली, शाफ्टची जागा घासून बेअरिंग ठरत नाही, किंवा मॉडेल बंद होऊन सुटे भाग मिळत नाहीत, अशा यंत्रावर रिंग-लायनरचा खर्च घालणे आम्हाला पटत नाही. आणि ज्यांचा ऊस दीड-दोन एकरच आहे, त्यांनी नवे-जुने हा वादच सोडून शेजाऱ्याचे यंत्र भाड्याने लावावे किंवा चौघांनी मिळून घ्यावे. चौघांत घेतले तर वही आणखीच गरजेची, नाहीतर यंत्राआधी शेजार बिघडतो.

दुरुस्तीचे काम भर पावसाळ्यात, भाद्रपद-आश्विनच्या सुमारास काढावे. सुरूची बांधणी उरकलेली असते, आडसालीची मोठी बांधणी पुढे असते आणि फिटरलाही सवड असते. मे महिन्यात गॅरेजात रांग लागते आणि मिळेल तो सुटा भाग मिळेल त्या किमतीला घ्यावा लागतो. यंत्र महिनाभर उभे करायचे असेल तर डिझेलची टाकी भरून ठेवावी, रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते. हँडल फिरवून ते घट्ट अडते तिथे सोडावे. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात आणि सिलिंडरमध्ये ओल शिरत नाही.

नवे घ्यायचे ठरलेच तर अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत थांबावे. आधी यंत्र घेऊन मग पावती जोडली तर ती चालत नाही. त्या वर्षाचे निकष तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावेत. दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा न विचारता, लायनर, क्लचचे दात आणि पाती तालुक्याच्या गावी मिळतात का, हे विचारावे. आणि जुन्या यंत्राचे इंजिन वरच्या चाचणीत चांगले निघाले असेल तर ते सांगाड्यासह भंगारात देऊ नये. पट्टा लावून त्यावर पाण्याचा पंप किंवा कडबाकुट्टी चालते, आणि भारनियमनाच्या दिवसांत ते उपयोगी पडते.

– ऊस विकास अधिकारी