घाटांतील गाडी आणि गंधकाचें तेल

गेल्या पावसाळ्यापूर्वीं नववीच्या एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, ट्रकच्या मागच्या आंसांतलें तेल काढलें कीं इतका घाण वास कां येतो? तें नासलेलें असतें का?” त्याचे वडील खोपोलीहून पुण्याकडे माल नेतात. प्रश्न चांगला होता. तेल नासलेलें नसतें. तो वास गंधकाच्या संयुगांचा असून तीं त्यांत मुद्दाम घातलेलीं असतात.

१८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता झाला व २००२ सालीं द्रुतगति मार्ग पूर्ण झाला, तरी डोंगर आहे तेथेंच आहे. भरलेला ट्रक तो चढ चढतो तेव्हां सारा भार मागच्या दांतेरी चाकांच्या दोन-चार दांतांवर येतो. दांत एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, घसरतातही. त्यांच्यामधील तेलाचा पापुद्रा केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. डोळ्यांस गुळगुळीत दिसणारें पोलाद सूक्ष्मदर्शकाखालीं आपल्या सह्याद्रीसारखें खडबडीत दिसतें. भार वाढला कीं हीं शिखरें पापुद्रा भेदून एकमेकांस भिडतात. क्षणार्धांत तेथें शेंकडों अंश उष्णता उत्पन्न होते, पोलाद पोलादास चिकटतें आणि पुढच्याच क्षणीं उचकटलें जातें. दांतांवर ओरखड्यांचे पट्टे उठतात ते ह्यामुळें.

तुम्हीं प्रयोगशाळेंत लोखंडाचा कीस व गंधक एकत्र तापविलेलें आहे. जें मिश्रण थंड असतांना स्वस्थ होतें, तें तापतांच लालभडक होऊन काळें लोहगंधकिद झालें. हाच प्रकार दांतांवर घडतो. जेथें घर्षणानें ऊष्मा होतो, नेमका तेथेंच गंधक लोखंडाशीं संयोग पावतो व पोलादाहून मऊ असा अतिसूक्ष्म थर तयार होतो. त्याच्या जोडीला घातलेला स्फुरद त्याहून कमी उष्णतेवर असेंच काम करितो. मग झिजतो तो थर, दांत नव्हे. आणि झिजला कीं पुन्हा नवा येतो. परंतु प्रत्येक नव्या थरासाठीं थोडें लोखंड खर्चीं पडतें, हें विसरूं नये.

१९२६ च्या सुमारास अमेरिकेंतील पॅकार्ड मोटारींत हायपॉईड जातीचीं चाकें आलीं. त्यांत घसरण फारच अधिक असल्यामुळें साधें तेल अपुरें पडूं लागलें. पुढें कित्येक वर्षें स्पर्म देवमाशाच्या तेलांत गंधक मिसळून हें काम भागविलें जाई. १९७० सालीं अमेरिकेनें त्या तेलाची आयात बंद केली, तेव्हां रसायनशास्त्रज्ञांस दुसरें कांहीं शोधावें लागलें. देवमाशांचें नशीब, दुसरें काय!

आतां त्या मुलाच्या घरची गोष्ट. मसाला जास्त तें तेल अधिक चांगलें, असें समजून त्याच्या वडिलांनीं मागच्या आंसाचें, जी.एल. ५ प्रतीचें तेल गिअरबॉक्समध्येंही ओतलें होतें. कांहीं महिन्यांनीं गिअर बदलतांना खरखर होऊं लागली. बॉक्स उघडला तों आंतील पितळी कडीं काळवंडून झिजलेलीं! तीव्र गंधक तांब्यास खातो, आणि पितळेंत तांबेंच अधिक. दुरुस्तीपायीं त्या कुटुंबाचें दोन महिन्यांचें उत्पन्न गेलें. त्या प्रतीचीं सर्वच तेलें पितळेस मारक नसतात. पण गाडीच्या पुस्तकांत जी.एल. ४ लिहिलें असेल तर तेंच घालावें.

पोलादासही अतिरेक मानवत नाहीं. नव्या दांतांवरील खडबड आरंभीं थोडी झिजून जाणें इष्ट असतें. मसाला फार जोरदार असल्यास ती खडबड तशीच राहते, समोरच्या दांतास वारंवार टोंचते आणि त्यावर राखी रंगाचे बारीक खळगे पडतात. ज्याची कातडी कठीण व गाभा चिवट केलेला असतो, अशा मिश्रपोलादावरही हे खळगे पडतात.

आंसाच्या तेलबुचास पुष्कळदां लोहचुंबक असतो. तेल बदलाल तेव्हां तो बोटानें पुसून पहा. राखाडी, मऊ चिखल लागला तर ती नेहमीची झीज होय. चकाकणाऱ्या कपच्या निघाल्या तर गाडी घाटांत नेण्यापूर्वीं आंस उघडून दांत तपासावे.