गोळीमुळे असेल

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी नर्स आहे. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी रुग्णालय. इथे थकलेली, परावलंबी माणसं त्यात कायमची राहतात. माझ्याकडच्या एका आजींचा स्मृतिभ्रंश इतका वाढला होता की दुखतंय हेही त्यांना सांगता येत नसे. एका सकाळी गाऊनची बाही चढवताना त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला चार काळेनिळे डाग दिसले, एकाखाली एक. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. ‘गोळीमुळे असेल’ म्हणत मी बाही खाली ओढली. चार्टमध्ये एक ओळही लिहिली नाही.

पाचव्या दिवशी त्या तो हात हलवू देईनात. एक्स-रेत दंडाचं हाड मोडलेलं निघालं. चौकशीत कळलं की त्यांना खुर्चीत बसवताना दोघींनी मिळून यंत्राच्या झोळीतून उचलायचं ठरलेलं होतं. रात्रपाळीला माणसं कमी, म्हणून एकटी मुलगी त्यांना दंडाला धरून ओढत होती. मारहाण नव्हती. पण ते डाग बोटांचे होते, आणि हाड मोडण्याआधी मी ते पाहिले होते.

उगाच कुणाच्या पोटावर पाय कशाला, हा विचार तेव्हा मनात होता. इथे नव्याने येणाऱ्या आपल्या मुलींच्याही मनात तो येतो, म्हणून सांगते: नोंद करणं म्हणजे कुणावर आरोप करणं नव्हे. गोळीने डाग मोठा होतो. तिथे दाब कशाचा पडला, ते गोळी सांगत नाही. नडगी, कोपर सहज आपटतं. दंडाची किंवा मांडीची आतली बाजू, कान, मान, छाती सहसा आपटत नाही. कुणी पाहिलेलं नाही, रुग्णाला सांगता येत नाही आणि जागा, आकार किंवा संख्या खटकते, अशी इजा कळवायलाच हवी. मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या होमना केंद्रीय नियमच तसा आहे: छळाचा संशय किंवा गंभीर इजा असेल तर 2 तासांत, एरवी 24 तासांत प्रशासकाला आणि राज्याच्या यंत्रणेला कळवायचं. चौकशीचा निष्कर्ष कामकाजाच्या 5 दिवसांत द्यावा लागतो. गुन्ह्याचा संशय असेल तर 2010 च्या कायद्याने पोलिसांना कळवण्याची जबाबदारी प्रत्येक कर्मचाऱ्याची स्वतःची आहे. ‘मी सुपरवायझरला सांगितलं होतं’ एवढ्याने ती संपत नाही. कळवलं म्हणून संस्थेने सूड उगवायलाही त्याच कायद्याने बंदी आहे, दंड होतो.

लिहिताना तर्क लिहू नका. जागा, पट्टीने मोजलेला आकार, रंग, वेळ, हात लावल्यावर दुखतं का, एवढंच. रंगावरून डाग किती दिवसांचा ते नेमकं ठरत नाही, म्हणून ‘जुना दिसतोय’ असं लिहूच नका. डॉक्टर आणि घरच्यांना त्याच पाळीत फोन करा.

आणि ज्यांचे आईवडील महाराष्ट्रात वृद्धाश्रमात किंवा आयाच्या भरवशावर आहेत, त्यांनी भेटीत एकदा तरी स्वतःच्या हाताने त्यांचे कपडे बदलावेत. काही खटकलं तर फोटो काढा, डॉक्टरांकडून तपासून घ्या आणि 14567 वर फोन करा. ज्येष्ठांसाठीची ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.