मार खाणाऱ्या बाईच्या हातून खून झाला तर

प्रश्न : दारुड्या नवऱ्याचा वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या बाईने शेवटी त्यालाच मारले, तर कोर्ट तिचे सोसणे लक्षात घेते का? (एक वाचक, आरमोरी)

उत्तर : घेते, पण अपुरे. ऐन मारहाणीत जिवाच्या भीतीने हात उचलला, तर स्वसंरक्षणाचा हक्क आहे. खरी अडचण तो झोपल्यावर कुऱ्हाड उचलणारीची. खुनाचा सदोष मनुष्यवध ठरवणाऱ्या अपवादासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 101 ‘गंभीर व आकस्मिक’ प्रक्षोभ मागते. हा निकष तिथल्या तिथे भडकणाऱ्या, अंगात बळ असलेल्या पुरुषाला सोयीचा. ती समोरासमोर भिडली तर तीच मरेल. नानावटी खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने मयताच्या आधीच्या वागण्यातून घडलेली मनःस्थिती पाहता येते असे म्हटले. मात्र राग निवायला वेळ मिळालेला नसावा, ही अटही घातली. पुढे 1989 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने साचत गेलेला प्रक्षोभ मानला. नवऱ्याच्याच हातातले लाकूड हिसकावून मारणाऱ्या आसामातल्या बाईचा गुन्हा 2013 साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठावर दुसऱ्या उच्च न्यायालयांचे हे दोन निकाल बंधनकारक नाहीत, तरी वकिलाने ते मांडलेच पाहिजेत.

ही नवरा मारायची मोकळीक नव्हे. सदोष मनुष्यवधालाही तुरुंग आहेच. ‘2005 चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा होता, तक्रार का केली नाही?’ असे विचारणाऱ्यांनी पर्लकोटा नदीच्या पुराने तुटणाऱ्या भामरागडहून संरक्षण अधिकाऱ्याचे कार्यालय किती लांब आहे ते आधी पाहावे. अपवाद सिद्ध करण्याचा भार मात्र तिच्यावरच असतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर, पोलीस पाटलाकडची जुनी तक्रार, आशाताईची साक्ष पहिल्या दिवसापासून गोळा करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील देते.