नुसते आकडेच पडताळायचे?

प्रश्न : मी एमबीएची विद्यार्थिनी. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका इन्व्हेस्टमेंट बँकेत इंटर्न आहे. मध्यरात्रीपर्यंत आयपीओच्या मसुद्यातले आकडे ताळेबंदाशी पडताळत बसते. यातून शिकणार काय?

उत्तर : बरंच काही. सेबीकडे जाणाऱ्या त्या मसुद्यातल्या आकड्यांना कागदाचा आधार लागतो आणि मर्चंट बँकर सही करून त्याची जबाबदारी घेतो. तेव्हा हे काम हलकं समजू नका. पडताळताना रोकड प्रवाहाचा तक्ताही वाचा. नफा वाढतोय, पण ग्राहकांकडची येणी त्याहून वेगाने फुगताहेत का? तसं दिसलं तर वरिष्ठांना बेधडक विचारा; माझ्या मते खरं शिक्षण तिथेच आहे. एक मात्र कटाक्षाने पाळा : कंपनीचं नाव घरीसुद्धा काढू नका. अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती विनाकारण दुसऱ्याला देणं सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार बेकायदा आहे.