युक्ला : हमरस्त्यावरील एक एकाकी गाव

ऑस्ट्रेलिया खंडाचा पाठ शिकविताना लोकर, गहू, सोने आणि कांगारू एवढी यादी मुलांच्या तोंडी बसते. परंतु त्या खंडाच्या रुक्ष मुलखात माणूस वस्ती करून राहतो तो कोणत्या आधारावर, हा प्रश्न बहुधा अस्पर्शितच राहतो. तो वर्गात मांडण्यास युक्ला या गावाची हकीकत उपयोगी पडेल. गाव इतके लहान की, २०१६ च्या जनगणनेत तेथे अवघी ५३ माणसे नोंदली गेली.

प्रथम मुलांना भिंतीवरील नकाशापाशी न्यावे. खंडाच्या दक्षिण किनाऱ्यास एक मोठे कमानदार वळण आहे. त्या वळणावर, पश्चिम ऑस्ट्रेलिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांच्या सीमेपासून सुमारे १२ किलोमीटर पश्चिमेस हे गाव वसले आहे. राज्याची राजधानी पर्थ तेथून सुमारे १,४३० किलोमीटर दूर. गावामागे नलारबोरचा सपाट माळ पसरलेला आहे. लॅटिन भाषेतील दोन शब्दांवरून पडलेल्या या नावाचा अर्थच 'एकही झाड नाही' असा होतो. माळ चुनखडीचा असल्याने पडेल तो पाऊस भेगांतून खालच्या गुहांत उतरतो आणि पृष्ठभागावर नदी म्हणून उरत नाही. गाव नदीकाठी वसते असे आपली मुले गृहीत धरतात. येथे नदी नाही, पिकाऊ शेती नाही, आठवड्याचा बाजार नाही. मग येथे वस्ती का झाली, हे मुलांनीच प्रथम तर्काने सांगावे.

या भूमीचे मूळ रहिवासी मिर्निंग लोक होत. माळाखालील कूनाल्डा नावाच्या गुहेत गारगोटी खणून काढल्याच्या व भिंतीवर बोटांनी रेघा ओढल्याच्या खुणा आहेत; त्या वीस हजार वर्षांहून जुन्या मानल्या जातात. किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत खणले असता गोडे पाणी लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याकडे उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात झिरे काढतात, तसलाच हा प्रकार. १८४१ मध्ये एडवर्ड आयर हा इंग्रज प्रवासी या किनाऱ्याने पश्चिमेकडे गेला, तो अशाच पाण्यावर तगला. वाटेत त्याचा सोबती बॅक्स्टर मारला गेला आणि शेवटचा बिकट टप्पा त्याने वायली या आदिवासी तरुणाच्या सोबतीने पार केला. आयरने या वाटेचा 'शोध लावला' असे लिहिण्याचा प्रघात आहे; शिक्षकांनी तो शब्द जपून वापरावा, हे बरे.

गावास खरा जन्म दिला तो तारायंत्राने. १८७७ मध्ये आल्बनीहून येणारी तार युक्ला येथे दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या तारेस जोडली गेली आणि पर्थचा पूर्वेकडील वसाहतींशी, त्यांच्यामार्फत उर्वरित जगाशी, संबंध जुळला. त्या काळी ही दोन राज्ये स्वतंत्र वसाहती होत्या आणि त्यांच्या तारखात्यांचे संकेतही निरनिराळे होते. त्यामुळे एकाच तारघरात दोन्ही वसाहतींचे तारमास्तर समोरासमोर बसत. पश्चिमेकडून आलेला संदेश एकाने ऐकून कागदावर उतरवावा, मधल्या आडपडद्यातून तो पलीकडे द्यावा आणि पलीकडच्याने तो आपल्या संकेतांत पुढे धाडावा, असा क्रम चाले. १८९० च्या दशकात कूलगार्डी व काल्गूर्ली येथे सोने सापडल्यावर संदेशांचा एवढा लोंढा आला की, माळाच्या कडेचे हे तारघर देशातील गजबजलेल्या तारघरांत गणले गेले. हा प्रसंग वर्गात करून दाखविता येतो. दोन मुलांना दोन निरनिराळ्या खुणांच्या भाषा द्याव्यात आणि मध्ये एक पाटी धरावी. एक वाक्य पलीकडे पोहोचण्यास किती वेळ लागतो व त्यात चुका किती होतात, हे मुलांच्या ध्यानी येईल.

पुढे याच गावावर दोन संकटे आली. पहिले सशांचे. १८५९ मध्ये व्हिक्टोरिया प्रांतात शिकारीच्या हौसेने सोडलेले थोडे ससे पस्तीसएक वर्षांत या किनाऱ्यापर्यंत पसरले. टेकड्यांवरील वाळू धरून ठेवणारे गवत व झुडपे त्यांनी फस्त केली. मुळांचा आधार सुटताच वाळू वाऱ्याबरोबर चालू लागली आणि घरांच्या भिंतींशी साचू लागली. दुसरे संकट रेल्वेचे. १९१७ मध्ये खंडाच्या आरपार जाणारा लोहमार्ग पुरा झाला, तो युक्लाच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटरवरून. १९२७ मध्ये तारही त्या मार्गाजवळ गेली आणि तारघर बंद पडले. काम गेले, त्याबरोबर माणसेही गेली. चुनखडीच्या दगडांचे ते तारघर आज अर्धेमुर्धे वाळूत गाडलेले दिसते. वारा फिरला की, त्याच्या भिंती कधी अधिक उघड्या पडतात, कधी झाकल्या जातात.

आजचे युक्ला समुद्रापासून थोडे आत, वरच्या कड्यावर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१-४२ साली, संरक्षणाच्या गरजेतून येथून रस्ता काढण्यात आला व त्यास आयरचेच नाव मिळाले. संपूर्ण रस्ता डांबरी होण्यास मात्र १९७६ साल उजाडले. पेट्रोलपंप, मुक्कामाच्या खोल्या, उपाहारगृह, पोलीसठाणे व परिचारिकेचे छोटे आरोग्यकेंद्र, एवढ्यावर गाव चालते. गंभीर दुखणे आले तर विमानाने येणारे वैद्यकीय पथक बोलवावे लागते. या हमरस्त्याचे काही सरळ पट्टे अशी विमाने उतरविण्यासाठी आखून ठेवले आहेत. पश्चिमेकडे जाणाऱ्या वाहनांतील फळे, भाजीपाला व मध सीमेवरील नाक्यावर काढून घेतला जातो, कारण त्यातून पिकांची कीड व रोग राज्यात शिरू शकतात. सशांचा इतिहास सांगून झाल्यावर हा नियम मुलांना वेगळा समजावून द्यावा लागणार नाही.

विखुरलेल्या वस्त्यांतील मुलांच्या शिक्षणाचा विषय आपणांस जिव्हाळ्याचा आहे. ऑस्ट्रेलियात १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथून रेडिओवरील शाळा सुरू झाली. शिक्षक शहरात बसून बोलत आणि शेकडो किलोमीटरवरची मुले आपापल्या घरून उत्तर देत. पुढे अशा शाळा इतरत्रही निघाल्या.

अंकगणिताच्या तासासाठी एक गोष्ट राखून ठेवावी. युक्लाची घड्याळे पर्थच्या ४५ मिनिटे पुढे असतात. ही वेळ सरकारी नव्हे, लोकांनी सोयीसाठी धरलेली आहे. भारतीय वेळेपेक्षा ती ३ तास १५ मिनिटांनी पुढे पडते. मुलांना हे नवल वाटल्यास त्यांना सांगावे की, मुंबई शहरानेही १९५५ पर्यंत आपली निराळी 'मुंबई वेळ' पाळली होती आणि ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. मग विचारावे : मुंबईच्या त्या जुन्या घड्याळात सकाळचे दहा वाजले असता युक्लाच्या घड्याळात किती वाजले असतील?